वादळ आणि चौदावा मनुष्य : रेम्ब्रांटच्या 'गालील समुद्रातील वादळ' या चित्राचे अर्थनिर्णयन

प्रस्तावना

इ. स. १६३३ मध्ये आम्स्टरडॅम येथे रेम्ब्रांट फान राइन या डच चित्रकाराने येशू ख्रिस्ताच्या जीवनातील एका प्रसंगावर मोठे तैलचित्र रंगविले. सुमारे १६० सेंटिमीटर उंच व १२८ सेंटिमीटर रुंद अशा या कॅनव्हासवर वादळात सापडलेली एक नौका दाखविलेली असून तिच्या सुकाणूवर चित्रकाराची सही व वर्ष आहे. रेम्ब्रांटच्या ज्ञात चित्रसंपदेत हे एकमेव सागरचित्र होय. धार्मिक चित्रांचा विचार करताना अभ्यासकांची साधारण पद्धत अशी, की चित्रामागील धर्मग्रंथातील कथा सांगावयाची, चित्रातील व्यक्ती ओळखावयाच्या आणि मग श्रद्धेचा विजय, ईश्वरी सामर्थ्य यांसारखा एखादा ठरीव अर्थ चित्रास चिकटवावयाचा. प्रस्तुत चित्राच्या बाबतीत ही पद्धत पुरी पडत नाही, कारण कथेतील ज्या चमत्कारामुळे हा प्रसंग प्रसिद्ध आहे तो चमत्कार या चित्रात घडलेलाच नाही. समुद्र अद्याप खवळलेला आहे. चित्रकाराने निवडलेला क्षण चमत्काराच्या अलीकडचा आहे, आणि त्या निवडीतच चित्राचा अर्थ शोधावा लागतो, अशी येथील मांडणी आहे.

कथा आणि निवडलेला क्षण

ही कथा मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येते. दिवसभर सरोवराकाठी लोकसमुदायाला उपदेश केल्यानंतर संध्याकाळी ख्रिस्त शिष्यांसह पलीकडच्या तीरास जावयास निघतो. वाटेत प्रचंड वादळ उठते, नावेत पाणी भरू लागते, आणि ख्रिस्त मात्र झोपलेला असतो. भयभीत शिष्य त्याला जागे करतात. तो वाऱ्याला व पाण्याला दटावतो आणि सर्वत्र निवांत होते. कथा लहानशी आहे. परंतु तिन्ही ग्रंथकारांनी ती सारखी सांगितलेली नाही, आणि चित्राचा विचार करताना हे भेद महत्त्वाचे ठरतात.

मत्तयाच्या वृत्तांतात शिष्य वाचविण्याची विनवणी करतात. लूकच्या वृत्तांतात ते केवळ आपण बुडत असल्याचे सांगतात. मार्कमध्ये मात्र त्यांच्या बोलण्यास तक्रारीचा सूर आहे. आपण मरतो आहोत याची गुरूला काहीच पर्वा नाही काय, असे ते त्याला विचारतात. ख्रिस्त नावेच्या वरामावर उशी घेऊन निजला होता, हा तपशीलही मार्कचाच. दुसरा भेद घटनाक्रमाचा आहे. मार्क व लूक यांच्या सांगण्याप्रमाणे ख्रिस्त प्रथम वादळ शमवितो आणि नंतर शिष्यांना त्यांच्या अविश्वासाबद्दल बोलतो. मत्तयाच्या वृत्तांतात क्रम उलटा आहे. तेथे वादळ चालू असतानाच तो शिष्यांना अल्पविश्वासी म्हणतो व मग उठून वाऱ्याला दटावतो.

चित्रात ख्रिस्त नावेच्या मागील भागात, म्हणजे मार्कने सांगितलेल्या ठिकाणी आहे. शिष्य त्याच्याभोवती दाटले आहेत. तो जागा झाला आहे, पण उभा राहिलेला नाही; समुद्राकडे त्याने हातही उचललेला नाही. मत्तयाच्या क्रमाने चित्र पाहिले तर पुढचे शब्द शिष्यांना उद्देशून येणार. मार्कच्या क्रमाने पाहिले तर ते समुद्राला उद्देशून येणार. चित्र यांपैकी एकाही ग्रंथाशी स्वतःला बांधून घेत नाही. तक्रार झालेली आहे आणि उत्तर अद्याप आलेले नाही, एवढेच त्यातून निश्चितपणे सांगता येते. लेखनात हे अंतर एका वाक्याहून दुसऱ्या वाक्याकडे जाताना नाहीसे होते. चित्राला मात्र ते कायमचे धरून ठेवता येते, आणि रेम्ब्रांटने नेमके तेच केले आहे.

मार्कच्या वृत्तांतातील आणखी एक तपशील चित्रकाराने गाळला आहे, त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. त्या संध्याकाळी ख्रिस्ताच्या नावेबरोबर इतरही नावा होत्या, असे मार्क सांगतो. रेम्ब्रांटच्या समुद्रात दुसरी नाव नाही. दुसरी नाव दिसली असती तर मदतीची शक्यता तरी उरली असती. निदान संकट वाटून घेतले गेले असते. एकाकी नौकेत असलेल्यांना मात्र झोपलेल्या गुरूखेरीज कोणाकडे वळता येत नाही.

नौकेची मांडणी आणि प्रकाश

नौका एका मोठ्या लाटेवर तिरपी चढली आहे. तिची नाळ चित्राच्या डाव्या बाजूस वर उचललेली आणि वराम उजव्या बाजूस अंधारात खचलेला. डोलकाठी चौकटीला छेद देणारी कर्णरेषा आखते. शीड फाटले आहे, एक दोर तुटून वाऱ्यावर फडफडतो आहे. डाव्या कोपऱ्यात वरती ढग किंचित फाटले असून तेथून पिवळसर प्रकाश लाटेच्या फेसावर, शिडावर आणि नाळेवरील माणसांवर पडला आहे. चित्रातील सर्वांत उजळ भाग हा आहे. ख्रिस्त या उजेडात नाही.

ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. पाश्चात्त्य धार्मिक चित्रकलेत प्रकाश हा बहुधा पवित्र व्यक्तीकडे नजर नेण्यासाठी वापरलेला असतो, आणि छायाप्रकाशाचा असा उपयोग करण्यात स्वतः रेम्ब्रांट निष्णात होता. येथे मात्र प्रथमदर्शनी नजर जाते ती लाटेकडे आणि शिडाशी झुंजणाऱ्या पाच जणांकडे. ख्रिस्ताला शोधावे लागते. प्रेक्षकाची नजर उजेडातून अंधाराकडे, आरडाओरड्यातून त्या एका शांत मुखाकडे उतारावरून घसरत यावी, अशी ही योजना आहे. ढगांतील फट ही येऊ घातलेल्या शांततेची खूण आहे, असे मानणारे वाचन अशक्य नाही. तथापि नावेतील एकाही माणसाचे तिकडे लक्ष नाही, हेही तितकेच खरे.

नौकेत दोन गट स्पष्ट दिसतात. नाळेकडचे लोक दोर, शीड, डोलकाठी यांच्याशी झगडत आहेत. वरामाकडचे लोक काम सोडून ख्रिस्ताकडे वळले आहेत. काही त्याला जागे करतात, एक जण पाठमोरा त्याच्यासमोर बसला आहे. या दोहोंत न बसणारी माणसेही आहेत. सुकाणू धरणारा जिवाच्या आकांताने आपले काम करतो आहे, आणि त्याच्या जवळच एक शिष्य नावेच्या काठावरून वाकून ओकतो आहे. धर्मचित्रात प्रेषिताला ओकताना दाखविणे ही साधी गोष्ट नव्हे. भय हे प्रथम शरीराला कळते, ही जाण त्या एका आकृतीत आहे.

सन १६३९ च्या जानेवारीत रेम्ब्रांटने कॉन्स्टन्टाइन हायगेन्स या दरबारी मुत्सद्द्याला लिहिलेल्या पत्रात आपल्या चित्रांतील एका गुणाचा उल्लेख केला आहे. त्याने वापरलेल्या डच शब्दाचा अर्थ बाह्य गती असाही होतो व आंतरिक भावावेग असाही होतो, आणि त्यावर कलेतिहासकारांत दीर्घ वाद झाला आहे. ते पत्र या चित्राविषयी नाही. सरदार फ्रेडरिक हेंड्रिक याच्यासाठी काढलेल्या ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या चित्रमालिकेविषयी आहे. तरीही त्या वादाचे उत्तर शोधावयाचे झाल्यास ते प्रस्तुत चित्रात सापडावे. लाटेची गती आणि माणसांचा भावावेग येथे वेगळे काढताच येत नाहीत. नावेचा तोल आणि मनाचा तोल एकाच वेळी गेला आहे.

नौका कोणाची?

गालील समुद्र हा वस्तुतः समुद्र नव्हे. ते सुमारे २१ किलोमीटर लांब व जास्तीत जास्त १३ किलोमीटर रुंद असे गोड्या पाण्याचे सरोवर असून समुद्रसपाटीहून दोनशे मीटरपेक्षा अधिक खाली आहे. भोवतालच्या उंच प्रदेशावरील थंड हवा दऱ्यांतून त्या खोलगट भागात वेगाने उतरली की तेथे अचानक वादळ होते. त्यामुळे कथेतील वादळ भूगोलाशी सुसंगत आहे. १९८६ मध्ये अवर्षणाने सरोवराचे पाणी ओसरले असता गिनोसर गावाजवळ चिखलात एक प्राचीन नाव सापडली. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे वापरात असावी. तिची लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक व रुंदी सुमारे सव्वादोन मीटर आहे. ख्रिस्त व त्याचे शिष्य ज्या प्रकारच्या नावेतून गेले असतील तिची कल्पना या अवशेषावरून येते.

रेम्ब्रांटची नौका तशी नाही. उंच डोलकाठीची, मोठ्या शिडाची ती नौका नेदरलंड्सच्या किनाऱ्यावरील आहे आणि लाटा उत्तर समुद्राच्या आहेत. हे अज्ञान होते असे म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यात इतिहासाचे साधन हातचे जाते. रेम्ब्रांट लायडेनच्या गिरणीवाल्याचा मुलगा. त्याने समुद्रप्रवास केल्याचा पुरावा नाही. इटलीलादेखील तो कधी गेला नाही. समुद्राचे त्याचे ज्ञान बंदरातील, चित्रांतील आणि मुद्राचित्रांतील होते. मार्टिन दे फोस याच्या रचनेवरून आद्रियान कोलार्टने कोरलेले याच प्रसंगाचे मुद्राचित्र त्याच्या नौकेच्या मांडणीस आधारभूत झाले असावे, असे अभ्यासक मानतात. डच सागरचित्रांची परंपराही हेंड्रिक फ्रोम, यान पोर्सेलिस यांच्या हातून तोवर चांगली रुजली होती.

त्या काळच्या आम्स्टरडॅममधील प्रेक्षकाला वादळ म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आशियाच्या वाटेवर होती. पुढे १६३७ च्या सुमारास कोकणात वेंगुर्ले येथे तिची वखार झाली. १६२९ मध्ये याच कंपनीचे 'बटाव्हिया' जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटले आणि नंतर तेथे झालेल्या हत्याकांडाची हकीकत मायदेशी पोहोचली. समुद्रावर गेलेला मनुष्य परत येईलच असे नव्हते, हे घरोघरी ठाऊक होते. अशा शहरात टांगलेल्या चित्रात परक्या देशातील प्राचीन नाव दाखविली असती तर संकटही परके झाले असते.

येथे एक सहज आठवणारी गोष्ट अशी, की मराठी बायबलच्या अनुवादकांनीही याच प्रसंगात कोकणच्या खलाशांचे शब्द योजिले. तेथे ख्रिस्त 'मचव्यात' बसतो आणि 'वरामावर' झोपतो. मराठी वाचकाला त्या शब्दांतून जी नाव दिसते ती गालीलची नव्हे, रत्नागिरी-मालवणची दिसते. चित्रकाराने कुंचल्याने केले ते अनुवादकांनी शब्दांनी केले.

रूपकार्थांविषयी

या चित्राचे जे रूपकात्मक अर्थ लावले जातात त्यांत चर्चरूपी नौकेचा अर्थ सर्वांत जुना. नौका म्हणजे चर्च आणि वादळ म्हणजे त्यावरील संकटे, ही प्रतिमा ख्रिस्ती परंपरेत आरंभापासून आहे. रोमच्या जुन्या सेंट पीटर चर्चसाठी जोत्तोने केलेले नौकेचे भव्य कुट्टिमचित्र प्रसिद्धच होते. अठराव्या शतकाच्या आरंभी डच चित्रकारांची चरित्रे लिहिणारा अर्नॉल्ड हौब्राकेन प्रस्तुत चित्राचा उल्लेख 'पेत्राची नौका' असाच करतो आणि ते आम्स्टरडॅममधील यान हिन्लोपेन यांच्या संग्रहात दीर्घकाळ असल्याचे सांगतो. हे नाव महत्त्वाचे आहे, कारण चित्र काढल्यानंतर शतकाच्या आतच प्रेक्षक ते रूढ प्रतिमेच्या साच्यात बसवू लागले होते, हे त्यावरून कळते. मात्र त्यावरून रेम्ब्रांटचा हेतू सिद्ध होत नाही. चित्रात पेत्र कोणता हेदेखील खात्रीने सांगता येत नाही. ज्या चित्रात पेत्रच हरवला आहे ते प्रामुख्याने पेत्राच्या नौकेविषयी आहे, असे म्हणणे अवघड आहे. डोलकाठी व आडवे लाकूड यांत क्रूस पाहणारेही आहेत. पण शिडाच्या कोणत्याही नौकेत ती आकृती असतेच.

दुसरा अर्थ अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील धर्मपरिषदेने रेमॉन्स्ट्रंट पंथीयांची मते अमान्य केली. ईश्वरी कृपा स्वीकारण्यात वा नाकारण्यात मनुष्याच्या इच्छेला काही स्थान आहे काय, हा वादाचा गाभा होता, आणि त्याला लागून आलेल्या राजकीय संघर्षात वयोवृद्ध मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नफेल्ट याचा १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. १६३३ मध्ये आम्स्टरडॅममध्ये या जखमा ताज्या होत्या. त्याच वर्षी रेम्ब्रांटने रेमॉन्स्ट्रंट धर्मोपदेशक योहानेस उटेनबोगार्ट यांचे व्यक्तिचित्र रंगविले. ज्या कलाव्यापाऱ्याकडे तो काम करीत होता तो हेंड्रिक फान उयलेनबर्ग मेनोनाइट पंथाचा होता. वडील सुधारित पंथाचे, आईचे माहेर कॅथलिक, असे त्याचे स्वतःचे घर. त्यामुळे नाळेवरील श्रमणारे म्हणजे मानवी प्रयत्न आणि वरामावरील विनवणारे म्हणजे कृपेची याचना, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. परंतु चित्र त्या वादाचा निकाल देत नाही. कृपेवाचून केलेले श्रम व्यर्थ आहेत असे सांगावयाचे असते, तर चित्रकाराने उजेड त्या श्रमणाऱ्यांवर का टाकला असता? त्यांचे प्रयत्न हास्यास्पद दिसत नाहीत. ते शर्थीचे दिसतात. आणि विनवणाऱ्यांच्या मुद्रांवर श्रद्धेपेक्षा त्रागा अधिक आहे. दोन्ही गटांना एकच भय आहे व दोघांनाही अद्याप उत्तर मिळालेले नाही.

चौदावा मनुष्य

नावेत ख्रिस्त व बारा शिष्य मिळून तेरा जण असावयास हवेत. चित्रात चौदा आहेत. नावेच्या मध्यभागी एक जण एका हाताने दोर व दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी घट्ट धरून उभा आहे. तो लाटेकडे पाहत नाही आणि ख्रिस्ताकडेही पाहत नाही. तो चित्राबाहेर, थेट प्रेक्षकाकडे पाहतो आहे. हा स्वतः रेम्ब्रांट होय, असे सामान्यतः मानले जाते.

चित्रकाराने गर्दीत स्वतःचा चेहरा घालण्याची प्रथा युरोपात जुनी होती आणि रेम्ब्रांटलाही ती नवी नव्हती. १६२५ च्या 'संत स्तेफनास दगडमार' या चित्रात त्याचा चेहरा आहे. वर उल्लेखिलेल्या दुःखसहनाच्या मालिकेतील क्रूस उभारण्याच्या चित्रात तर तो क्रूस उभा करणाऱ्यांना हातभार लावताना दिसतो. म्हणजे तेथे तो अपराधात सहभागी आहे. वादळाच्या चित्रातील सहभाग निराळा आहे. येथे तो वाचविणारा नाही, विनवणाराही नाही. केवळ तग धरून आहे. टोपी सांभाळण्याच्या त्या कृतीत किंचित विनोदही आहे, कारण नाव बुडत असताना टोपीची काय मातब्बरी? पण घाबरलेला मनुष्य हाताला जे येईल ते घट्ट धरतो.

या आकृतीला स्वाक्षरीचा विस्तार समजणे पुरेसे नाही. गट दोन आहेत आणि प्रत्येक गटाला आपापले काम आहे. चौदाव्या माणसाला मात्र फक्त साक्षीदाराची जागा आहे. तो ग्रंथात नाही. सोळाशे वर्षांनंतर जन्मलेला हा मनुष्य त्या नावेत चढला, आणि चढल्यावर त्याने प्रेक्षकाकडे पाहिले. त्या नजरेमुळे शिष्यांची तक्रार प्राचीन गोष्टीतील तक्रार राहत नाही. पर्वा नाही काय, हा प्रश्न वरामाकडे विचारला जात आहे. चौदाव्या माणसाची नजर तोच प्रश्न चौकटीबाहेर आणते. पाहणाऱ्याने काय करावे हे चित्र सांगत नाही. नाळेकडे जाऊन दोर धरावा, वरामाकडे जाऊन हाक मारावी, की काठावरून वाकावे, यांतील प्रत्येक जागा चित्रात आधीच कोणीतरी घेतलेली आहे.

रिकामी चौकट

१८९८ मध्ये बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी समीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांच्या मध्यस्थीने हे चित्र विकत घेतले. १९०३ मध्ये त्यांनी आपला संग्रह लोकांना खुला केला. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेषात आलेल्या दोघांनी पहारेकऱ्यांना बांधून ठेवले आणि सुमारे ८१ मिनिटांत तेरा वस्तू नेल्या. त्यांत फर्मेरचे 'द कॉन्सर्ट' होते, मानेचे एक चित्र होते, दगाची रेखाटने होती आणि प्रस्तुत चित्रही होते. ते चौकटीतून कापून काढण्यात आले. २०१७ मध्ये बक्षिसाची रक्कम एक कोटी डॉलरपर्यंत वाढविण्यात आली. तथापि चित्र आजतागायत मिळालेले नाही. संग्रहातील मांडणी बदलू नये, अशी गार्डनर यांच्या मृत्युपत्रातील अट असल्याने डच दालनात त्याची रिकामी चौकट तशीच टांगलेली आहे.

अर्थनिर्णयनाच्या दृष्टीने या चोरीचा परिणाम कमी लेखता येणार नाही. अंधारातील आकृतींची गणना, ख्रिस्ताच्या मुद्रेवरील सूक्ष्म भाव, रंगथरांखाली दडलेले फेरफार हे सर्व आता १९९० पूर्वीची छायाचित्रे व नोंदी यांवरूनच ठरवावे लागते. गेल्या काही दशकांत रेम्ब्रांटच्या इतर चित्रांवर क्ष-किरण, अवरक्त किरण व रंगद्रव्यांचे विश्लेषण यांच्या साहाय्याने जे संशोधन झाले त्याच्या कक्षेत हे चित्र येऊ शकले नाही. चौदा ही संख्या किंवा चौदाव्या माणसाची ओळख यांवर नवा पुरावा देणे म्हणूनच अशक्य झाले आहे.

चोरांनी त्याच दालनातील रेम्ब्रांटचे १६२९ चे आत्मचित्रही भिंतीवरून उतरविले होते. लाकडी फळीवर रंगविलेले ते चित्र कापून गुंडाळता येण्याजोगे नव्हते. ते मागेच राहिले. त्यामुळे वादळातील चेहऱ्याशी ज्याची तुलना करावयाची तो तेवीस वर्षांचा, पिसाची टोपी घातलेला रेम्ब्रांट डच दालनात आजही आहे, आणि त्याच दालनात ती रिकामी चौकट आहे.